सगळे चेहरे सारखे रंगवल्याबाबत

नाव: रंगमावशी, याच नावाने सगळीकडे ओळख. वय: अठ्ठावन्न. धंदा: नाचणाऱ्यांची रंगभूषा. राहणार: नाट्यगृहामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरची खोली.

मी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, काल संध्याकाळी नाट्यगृहात बालगृहातल्या अनाथ मुलींच्या मदतीसाठी शास्त्रीय नृत्याचा कार्यक्रम होता. नाचणाऱ्या मुली गुरूबाईंच्या वर्गातल्या. बालगृहाच्या मुली नाचणार नव्हत्या. त्यांना मध्यंतरानंतर ओळीने रंगमंचावर उभे करायचे आणि प्रत्येकीचे आईवडील कसे गेले ते बालगृहाच्या सचिवांनी माइकवर वाचायचे, असे दर वर्षीप्रमाणे ठरले होते. त्याने देणगी देताना लोकांचे हात सैल होतात, असे सचिवसाहेबांचे म्हणणे. मुलींना विटके फ्रॉकच घालून आणा, असा त्यांचा निरोप होता.

मी रंगपटात एका मुलीचे डोळे रेखत असताना बालगृहातली एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. नऊ-दहा वर्षांची असेल. तिने विचारले, "मावशी, हे लावलं की माणूस ओळखू येत नाही ना?"

मी म्हटले, "सख्ख्या आईलासुद्धा येत नाही." हे मी सगळ्याच मुलींना म्हणते. तिला म्हणायला नको होते.

ती म्हणाली, "मग मला पण लावा. सर वाचतात तेव्हा सगळे माझ्याकडेच बघतात."

मी तिला खुर्चीवर बसवले. एकीला लावले की बाकीच्या ऐकत नाहीत, म्हणून सगळ्यांना लावले. समूहनृत्यात सगळे चेहरे एकसारखे दिसले पाहिजेत, नाहीतर रंगभूषा फसली म्हणतात. माझी कधी फसलेली नाही. मागच्या वर्षीच्या पोशाखांची पेटी उघडी होती. ती कोणी उघडली हे मी पाहिले नाही. किल्ली गुरूबाईंच्या कमरेला असते.

मध्यंतरात सचिवसाहेब रंगपटात आले. त्यांना खुंटीवर फ्रॉक दिसले, फ्रॉकमध्ये कोणी दिसले नाही. त्यांनी मुली पळवल्याची बोंब ठोकली व तुम्हाला फोन केला. त्या वेळी मुली त्यांच्यासमोर बाकावर बसून पायांना घुंगरू बांधून घेत होत्या. मी मुलींना गप्प राहायला शिकवले, हा आरोप खोटा आहे. त्यांनी "बालगृहाच्या मुलींनो" अशी हाक मारली. नावाने मारली असती तर कोणीतरी ओ दिली असती.

हवालदार आले. त्यांनी सगळ्या मुलींना ओळीत उभे करून सचिवसाहेबांना म्हटले, "यातल्या तुमच्या कोणत्या, तेवढं दाखवा." सचिवसाहेब ओळीवरून दोनदा फिरले व एकीचा दंड धरून म्हणाले, "ही! हिला मी चांगला ओळखतो." ती म्हणाली, "आजोबा, मी आहे." ती त्यांची सख्खी नात, गुरूबाईंच्या वर्गात शिकते.

बालगृहाच्या काळजीवाहू बाईंना विचारले असता, चष्मा नसल्याने काही दिसत नाही असे त्यांनी सांगितले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

एवढ्यात तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि गुरूबाईंनी शेवटचे नृत्य सुरू केले. वाचायचे ते वाचायचे राहून गेले. त्याचा मला आनंद झाला, हे लिहून घ्यावे. नंतर मी बालगृहाच्या मुलींचे चेहरे तेलाने पुसून दिले व सगळ्या काळजीवाहू बाईंच्या ताब्यात दिल्या. ती पहिली मुलगी एकटी पुसू देईना, म्हणून तशीच गेली.

सर्वप्रथम रंग मागणारी मुलगी कोणती, तिचे वर्णन द्या, असे साहेबांनी विचारले. वर्णन: डोळे लांब, काळे रेखलेले. ओठ लाल. कपाळावर मोठी टिकली. बाकीच्या मुलींसारखीच.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. मुलीच्या नावाची जागा कोरी आहे ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे. ती तशीच राहू द्यावी.