तोंडी आलेलं नाव

(अर्धापूरच्या अलीकडचं एक गाव. केळीच्या बागेतली दोन घरांची सामाईक विहीर, भर दुपार. काठावर शेजारची गुणाबाई बोचकं घेऊन बसलेली. पाणी भरायला आलेल्या सून अयोध्येला तिला पाहून आल्या पावली परत फिरावंसं फार वाटलं, पण घरात पाण्याचा थेंब नव्हता.)

गुणाबाई : भर की घागर. माझी सावली पडली म्हणून पाणी नासत न्हाई.

अयोध्या : तसं न्हाई काकू. कुणी बघितलं तर?

गुणाबाई : बघू दे. माझा सत्यम उमरीहून गाडी घेऊन निघालाय. घराला कुलूप लावलं मी.

अयोध्या : कायमचं?

गुणाबाई : ते तुझ्यावर हाय. त्या मलप्पा देवऋषीनं तुझे केस धरून इचारलं, करणी कुणी केली? तू माझं नाव घेतलंस. तेवढं परत घे. चौघांत म्हण, खोटं बोलले. गाडी रिकामी धाडते.

अयोध्या : न्हाई जमायचं मला.

गुणाबाई : मंग काहून घेतलंस, एवढं तरी सांग. तुझ्या दोन्ही पोरी माझ्या मांडीवर वाढल्या.

अयोध्या : सासूबाई मला नांदेडला नेणार होत्या. पोरगा पायजे, अन दिवस काहून राहिनात, म्हणून मोठ्या दवाखान्यात दाखवायला. तिथं तांबी सापडली असती.

गुणाबाई : जी बसवायला मीच तुला नेलं होतं.

अयोध्या : हाव. डॉक्टरीणबाई म्हणल्या होत्या, अंगात रक्त न्हाई, आता बाळंतपण झालं तर वाचायची न्हाईस. घरात सांगायची सोय नव्हती. मग मी घुमायला लागले. करणी म्हणल्यावर दवाखाना राहिला अन मलप्पा आला.

गुणाबाई : घुमलीस ते कळलं. नाव माझंच काहून? मीच सांगते. तांबीचं मला एकटीला ठाऊक होतं. करणी करणारीचा शब्द कोण खरा धरतो?

अयोध्या : तुम्ही बोलल्या नसत्या काकू. मला तवा बी माहीत होतं. तरी भ्या वाटलं.

गुणाबाई : मारुतीच्या पारावर मला लिंबाचा पाला चारला. तुझी सासू रुक्मिणबाई म्हणत होती, अजून चारा. मी खाल्ला, तुझी गोष्ट तोंडाबाहेर काढली न्हाई. मला करणी येत असती तर पहिली त्या रुक्मिणबाईची बोलती बंद केली असती.

अयोध्या : आता ढोंग करावं लागत न्हाई. हलगी वाजली की अंग आपोआप कापायला लागतं. कानात तुमचा आवाज येतो, पाला चावतानाचा.

गुणाबाई : अमावास्येला मलप्पा परत येणार म्हणतात.

अयोध्या : हाव. पुन्हा नाव इचारणार.

गुणाबाई : अन मी तर गावात नसणार.

अयोध्या : सासूबाई आत्तापासून नीलाबाईचं नाव काढून राहिल्यात. बांधावरून वाजलंय ना दोघींचं.

गुणाबाई : नीलाबाई एकटी बाई. तिला न्यायला कोण गाडी घेऊन येणार?

अयोध्या : मग मी काय करू?

गुणाबाई : हॉर्न वाजला. सत्यम आला वाटतं. चल, घागर उचलू लागते.

अयोध्या : सांगा ना काकू. कुणाचं नाव घेऊ?

गुणाबाई : माझंच घे.