दामोदर पांचाळांनी चुंबक तोलले

मंडळी, एक सांगा मला. ज्या गोष्टीवर आपला जीव जडलाय, ती तपासून बघायची छाती होते का आपली? देवाला रोज पारखतो आपण! नवस फळला नाही की लगेच रुसवा. आणि स्वतःच्या समजुतीला? छे, तिला हात लावायचा नाही!

तर ऐका. निलंग्याकडं टेकाडावर एक वस्ती. तिथं दामोदर पांचाळ मोटारींचं वाइंडिंग करायचे, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचे. जुन्या स्पीकरांतले चुंबक काढून त्यांनी एक चाक बनवलं. म्हणाले, हे विजेशिवाय फिरणार आणि खालच्या विहिरीचा पंप ओढणार! हातानं हिसका दिला की चाक फिरायचं... फिरायचं... आणि थांबायचं.

दामोदर म्हणायचे, "चुंबक कमी ताकदीचे आहेत. आणखी जोरदार लावतो."

आपलंही असंच बघा — नामात मन रमत नाही, तर माळ बदलतो!

इकडं सौरपंपाचा ठराव ग्रामसभेपुढं आलेला. सरपंच सुभानराव म्हणाले, "आपल्या दामोदरचं चाक असताना सौरपंप कशाला?" डोईवर हंडे घेऊन टेकाड चढणाऱ्या बायाही त्या चाकाकडंच डोळे लावून होत्या.

घरी दामोदरांची बायको, गोदाबाई. ती एवढंच म्हणाली, "अहो, ताकद कमी म्हणता. किती कमी, ते मोजलंय का कधी?"

दामोदरांनी मोजलंच नव्हतं. का? आतून भीती होती हो!

पण माणूस जिद्दीचा. चुंबक आढ्याला टांगला, त्याला खालून लोखंडी पट्टी चिकटवली, पट्टीला डबा अडकवला आणि डब्यात वाळू ओतत गेले. पट्टी सुटली, की डबा तोलायचा — तेवढी चुंबकाची ओढ. असा एकेक चुंबक तोलला. सगळ्यांत जोरदार तेवढे चाकावर बसवले. चाक थांबलंच!

मग चाकाला ताणकाटा बांधला. चुंबक जवळ येताना चाक पुढं किती ओढलं जातं, ते मोजलं. चुंबक ओलांडल्यावर मागं किती खेचलं जातं, तेही मोजलं. दोन्ही सारखं! चुंबक जोरदार, तर पुढची ओढ जास्त, आणि मागची खेचही तेवढीच जास्त. चाक फिरवायला शिल्लक काहीच नाही!

दामोदरांनी काटा सोडून ठेवला. "गावाला काय सांगू आता?"

"काट्यानं सांगितलं तेच सांगा," गोदाबाई म्हणाली. "मी येते बरोबर."

ग्रामसभेत ठराव फेटाळायला हात वर होणार, तोच दामोदर उभे राहिले.

"माझं चाक पंप ओढणार नाही. आज नाही, कधीच नाही. मी मोजून आलोय. सौरपंप घ्या."

कुणी हसलं. सुभानराव तडकले, "मग इतके दिवस आम्हाला आशेवर का ठेवलंस?"

"मीही आशेवरच होतो, सुभानराव. मोजायला उशीर केला, ती चूक माझी."

ठराव मंजूर झाला. वस्तीवर पाणी चढलं, त्या दिवशी दामोदर लाजून मागंच उभे होते. एका म्हातारीनं तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला. "पी बाबा. तू गप्प बसला असतास, तर आम्ही अजून चढतच असतो."

मंडळी, पांडुरंगापुढं डोळे मिटून बसतो आपण. आज उघडे ठेवून बसा. मी भक्त, मी भला, मी कुणाचं वाईट केलं नाही — यातलं खरं किती, ते मोजा. आणि जे निघेल, ते घरच्यांसमोर बोला. उचला टाळ!