खाल्लेलं गाठीलाच जातं

माहेर माझं अमरावतीकडचं, लग्न होऊन भोपाळला आले ती इथलीच झाले. आमचे हे कारखान्यात फिटर होते, रिटायर झाले न आम्ही अयोध्या नगरात हे घर बांधलं. आता जरा सुखानं बसू म्हटलं, तर यांचं तोंड लाल व्हायला लागलं, बसल्या बसल्या एकदम लाल, कानापर्यंत गरम. शेजारची भाभी मला हळूच विचारते, भाईसाब पीने लगे क्या? काय सांगू तुम्हाला, ज्या माणसानं कधी सुपारी तोंडात नाही टाकली!

वरून जुलाब. दहीभात दे, डाळिंबाची साल दे, सगळं करून झालं. मग मानेवर, हातांवर, जिथं ऊन लागते तिथं कातडी काळी पडून सोलून निघायला लागली, मी आपली खोबरेल लावत बसले. मग बोलणं बरळल्यासारखं. एक दिवस मला म्हणतात, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? मला, अहो! मी तशीच मुलीला फोन लावला.

मुलीनं साकेत नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. आतड्यात गाठ निघाली, लिव्हरपर्यंत पसरलेली. डॉक्टरीणबाई म्हणे, ही गाठ हार्मोन बनवते, त्यासाठी जेवणातलं सत्त्व तीच ओढून घेते, त्याच सत्त्वातून शरीर एक व्हिटॅमिन बनवत असते, ते बनेनासं झालं, म्हणून कातडी न डोकं बिघडलं. मी म्हटलं, मॅडम, मी यांना अंडी, दूध, दाण्याची चटणी खाऊ घालून राहिले होते, ते सगळं गाठीनं खाल्लं का? त्या म्हणाल्या, तुमचं काही चुकलं नाही, जेवण द्याच, फक्त व्हिटॅमिनची गोळी चुकवू नका. हार्मोन दाबायला महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन. गाठ जाईल का विचारलं, तर पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहू लागल्या.

गोळीनं गुण दिला पण. कातडी सुधरली, माणूस ठिकाणावर आला, मला नावानं हाक मारली, मी देवापुढं साखर ठेवली. आणि तिथंच फसले हो मी. डोकं ताळ्यावर नव्हतं तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं, आता सगळं समजते. ताटावर बसतात न विचारतात, सुधा, किती दिवस आहेत ग माझे? मी म्हणते, पोळी वाढू का? ते हो म्हणतात, माझ्यासाठी खातात, आणि अर्ध्यातून उठून संडासाकडे जातात.

चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. तुमच्या घरी ज्याच्यासाठी वाढाल, त्याच्याच अंगी लागो.