रुईला दिलेलं आवतण

आमी ठाकर. लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वर डोंगराला वाडी हाय आमची, तितंच जलमले, तितंच नांदले. माझी आय मुळ्या खणायची, तिचं बघून शिकले. खोकल्याला काय, पोटाला काय, समदं ठावं हाय मला, पर लोणावळ्यात पाटी घेऊन बसलं तर त्ये कोन इचारीत न्हाई. फिरायला आलेल्यांना नशीब पायजे. पांढऱ्या रुईची मुळी आन् वढ्यातली गारगोटी लाल फडक्यात बांधून द्यायची, उंबऱ्याला टांगा म्हनायचं. खोकल्याचं औषध दुकानात मिळतं, नशीब मिळत न्हाई, म्हून येत्यात माझ्याकडं.

आता मुळी काय अशी उपटायची नसती. शनवारी सांजंला झाडाला हळद-तांदूळ वाहायचे, आवतण द्यायचं, अमक्याच्या नावानं उद्या न्यायला येते, चल. मग आयतवारी सकाळी खणायची. ज्याचं नाव घेतलं त्याच्यामागं ती जाती. आय म्हनायची, कुनालाबी दे पोरी, पर आपल्या डोंगराची मुळी आपल्याच डोंगरात दुसऱ्याच्या नावानं गाडू नगं, डोंगर त्याचा हुतो. काय सांगू तुमाला, मी हसलेवते तिला.

तर एक बाई आल्या, पुण्याच्या, गाडीतनं. मावशी, बंगला बांधतोय, पायाच्या खड्ड्यात घालायला काहीतरी द्या. शेजारी बसल्या, माझ्या बाटलीतलं पानी प्याल्या. आमच्या बाटलीतलं कोन पितं? भुलले मी. कुटं बांधताय, इचारलंच न्हाई. त्यांच्या नावानं मुळी काढली, चांगली गारगोटी निवडली, आन् ठेवायला मलाच घेऊन गेल्या तर गाडी थांबली आमच्या रुईच्या टेपाडावर. टेपाड कागदावर खालच्या गावातल्या एका शेतकऱ्याचं, पर आमाला कदी कुनी आडवलं न्हवतं. आय आठवली मला. पर लुगडं दिलतं त्यांनी, चार मानसांत न्हाई कसं म्हनायचं. म्या या हातानं मुळी खाली ठेवली आन् वर माती लोटली.

बंगला झाला, भिंत झाली, वढाबी आत घेतला. आता गेटवर वॉचमन इचारतो, कुनाकडं काम हाय, सही कर. सून म्हनती, आत्या, तुमच्या मुळीनं कुनाचं भलं झालं बगा. तिचं खरं हाय. जलमभर म्या नशीब इकलं, माझा सोताचा इस्वास न्हवता त्याच्यावर. एकदाच लागू पडलं, त्ये हितं.

गेल्या शनवारी बाईंनी परत बोलावलं. मावशी, तुमची मुळी फार लाभली, शेजारची जागाही घेतोय, अजून एक द्या. शेजारची म्हंजे आमच्या वाडीच्या खालची पट्टी. रुईबी भिंतीच्या आत एकच उरलीय, पवायच्या टाकीमागं. सांजंला हळद-तांदूळ घेऊन गेले, हात जोडले. त्यांचं नाव तोंडाशी आलं, भाईर निघंना. मग सोताचंच नाव घेतलं. म्हनलं, न्यायला न्हाई आले तुला, हितंच ऱ्हा, खोल जा.

बाईंना सांगितलं, मुळी सडली. त्या म्हनल्या, असू दे मावशी, ऑनलाइन मिळते.

मिळती तर मिळू द्या. त्यांचं बरं हुवू दे. माझ्या हातानं न्हाई, येवढंच.