बटल्याचा बटाटा

हॅलो?… हां, बोल विनीता. थांब जरा, बोट ठेवते… अगं, पानावर. हिंगापाशी आले होते. ओळ हरवली की परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं… हां, आता बोल.

आईंना वाचून दाखवत होते. तूच पाठवतेस तो रेसिपीचा अंक, दुसरं काय?

जेवल्या. दलिया… रात्री मुगाचं पाणी… हो, बिनतेलाचं. हो, मीठ नावालाच. तुझी आई आहे, मला मालूम आहे गं.

काय?… अंक वाचण्यासारखा आहे का?

खरं सांगू? नाही. अजिबात नाही. वर पनीर, आत पनीर, मागे पनीरची जाहिरात. मधे एक झुकिनी, पोट फाडून ओव्हनमध्ये घातलेली. इथे गिलकी मिळते, तुमचं घोसाळं, विनीता. गिलकीला कोण ओव्हनमध्ये घालतं? आणि वर लिहायचं 'झटपट', अन् पहिल्याच ओळीत 'रात्रभर भिजवलेले राजमे'… हसू नकोस. तू फक्त पाठवतेस, वाचते मी.

हो, हो… अगं ऐक ना…

अंक बंद? बंद म्हणजे?… केलास की करणार आहेस?

मग नको करू… हो, मीच म्हणाले आत्ता. नाहीच आहे वाचण्यासारखा. चालू ठेव.

बरोबर आहे, त्यांना त्यातलं काही चालत नाही… मोबाइलवर सगळं मिळतं, तेही बरोबर. पण मोबाइलवर ती बाई स्वतःच बोलते गं. मग आई मला कशाला बोलतील?

म्हणजे दादाने तुला सांगितलंच नाही? धन्य आहे तुझा भाऊ. आई माझ्याशी बोलत नाहीत… शेवेपासून. हॉस्पिटलमधून आल्या आणि मी लसणाच्या शेवेचा डबा उचलून चौकीदाराला देऊन टाकला. 'वहिनी, घरात तळलेलं दिसलं नाही पाहिजे', हे फोनवर कोण म्हणालं होतं?… हां. हुकूम पुण्याचा, फाशी इंदूरला.

तेव्हापासून 'तिला सांग'. दादा घरी असला की दादाला. तो ऑफिसला गेला की कूलरला… अगं खरंच! कूलरकडे तोंड करून, 'हिला म्हणावं, चहा टाक.' टाकते मी. कूलर थोडाच टाकणार आहे?

ऐक तर. मधे तो इंदूर विशेष अंक आला ना? त्यात बटल्याची कचोरी. मी आपली थकलेली, डोळे मिटत होते, छापलं होतं तसं वाचत गेले. 'एक किलो बटाटा, दाणे सोलून घ्यावेत.'… दाणे, विनीता! बटाट्याचे! कृती इथल्याच कोणी पाठवली असणार. तिकडे छापणाऱ्यांना बटला कळला नाही, सुधारून बटाटा करून टाकला.

बटला म्हणजे… अगं, मटार! तूपण विसरलीस? लग्नाआधी रात्री सराफ्यात कचोरीच्या गाडीपाशी उभी राहून कोण हादडत होतं? जाऊ दे.

तर आई ताडकन उठून बसल्या. 'बटाट्याला दाणे असतात का गं?' मला. कूलरला नाही, मला! बटला कुटायचा, वाटायचा नाही. बडीशेप जाडसर हवी. हे छापणाऱ्यांच्या आयांनी त्यांना काय शिकवलं. चहा गार झाला तरी चालूच.

मग काय, पुढच्या अंकात चूकच निघेना. सगळं बरोबर. ऐकता ऐकता झोपून गेल्या, उठल्या की परत कूलर… म्हणून मीच घालायला लागले. चुका गं! श्रीखंडाला मोहरीची फोडणी दिली. पोहे रात्रभर भिजवले. पोह्यांच्या वेळी तर बोलणं दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरलं.

हसायला काय जातंय तुझं. रोज नवी चूक कुठून आणू? पोळ्या लाटताना उद्याची चूक शोधत असते मी. परवा दादाच्या डब्यात खरंच दोनदा मीठ पडलं. दिमाग पूर्ण पिकलंय.

जुने अंक? ते करून झालं. पहिल्या ओळीला पकडलं. कूलरला म्हणाल्या, 'हिला म्हणावं, हे दिवाळीत झालंय.'

बोलतात म्हणजे… 'अगं ए' म्हणतात. 'मूर्खासारखं वाचू नकोस' म्हणतात. नाव नाही घेत. डबा गेला त्या दिवसापासून नाव नाही घेतलं. आधी दिवसभर 'शालिनी, शालिनी'. मीच कंटाळायचे, बघ… नाही गं, रडत नाहीये. थकलेय नुसती.

आले हं, आई!… बघ, कूलरला विचारताहेत, पुढे काय म्हणून. कणकेच्या बाफल्यांबरोबरची डाळ चाललीये. फोडणीत अडकलेय.

आजची? नाही ना सुचली अजून. डोकं चालतच नाहीये. तूच सांग ना. त्यांची लेक आहेस, त्यांना काय झोंबतं ते तुला माहीत… काय?… बाप रे. इतका?

थांब, फोन नको ठेवू. ऐक.

'…तुपात मोहरी, जिरं तडतडलं की हिंग घालावा. दोन वाट्या.'

…

ऐकलंस?… नाही, ते नंतरचं. त्याच्या आधी काय म्हणाल्या? 'शालिनी, डाळ करतेस की काढा?' शालिनी म्हणाल्या ना? तूपण ऐकलंस ना?… शालिनीच ना?

हो… हो… चालू ठेव मग. आजच कळव अंकवाल्यांना, विसरू नकोस.

छापलंयच तसं, आई!… हो, मूर्खच आहेत मेले… हो, आले, चष्मा पण आणते… विनीता, ठेवते गं. आता पोळ्यांच्या वेळेपर्यंत ऐकून घ्यायचंय.