वागळी चार हजार दोनशे

अहो बाई, घाबरू नका, पिशवी कशाला मिटताय — चार हजार दोनशे हा भाव नव्हे. ती पोरं आत्ता शाळेत जाता जाता ओरडून गेली ना, ‘आजी, वागळी किती?’ — आणि मी म्हटलं चार हजार दोनशे — ती तिची ताकद. वागळी म्हणजे तो चपटा मासा, पंखांसारखा पसरलेला, शेपटीला काटा असलेला, तो बघा, विमलाच्या पाटीत पडलाय. भाव विचारायचा तर विमलाला विचारा. हसा, हसा. परवा ओरोसच्या ऑफिसातले एक साहेब हे ऐकून जे गाडीत जाऊन बसले ते मागे वळून बघेनात. तुकड्या जाड हव्यात की पातळ? — पातळ, बरं. तुम्ही इथल्या दिसत नाही, म्हणून मी आपलं शाळेतलं मराठी बोलते, नाहीतर आमचं मालवणी तुम्हाला अर्धं कळायचं आणि अर्धं वाऱ्यावर.

कसली ताकद म्हणून काय विचारता — पत्त्यांची. टीव्हीवर ते कार्टून लागतं ना, जपानचं, हिंदीत बोलतात — हळदीच्या रंगाच्या केसांचा एक पोरगा असतो, सात बेटांवर फिरतो, आणि कोण आडवा आला की पत्ता हवेत फेकून ‘प्रकट हो’ म्हणतो. की त्या पत्त्यातून हा मोठा राक्षस निघतो, पंख काय, शिंगं काय. प्रत्येक राक्षसाची ताकद पत्त्यावर लिहिलेली. जास्त असेल तो जिंकला. आमची सलोनी बघायची — सलोनी म्हणजे माझी नात, तिचे आईबाप गोव्याला हॉटेलात कामाला, पोर माझ्याकडे. आणि सलोनीच्या मागे बसून कोण बघायचं? तिचो आजो. म्हणजे आमचे हे. छप्पन वर्षांचा माणूस, तीस वर्षं होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, आणि साडेपाच वाजले की कार्टूनसमोर.

कामाला जात नव्हते का? — नाही जात. त्यांचा गुडघा दुखायचा. — कोणता काय, डावा. पाहुणे आले की कधी कधी उजवा. ओरोसला नेऊन फोटो काढला, तर डॉक्टर म्हणाले, यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. आता तुम्ही परक्या, तुमच्यापासून काय लपवायचं — गुडघ्याला काही झालं नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी होडी उलटली होती त्यांची. हे आणि दाजी, त्यांचा जोडीदार, दोघंच होते. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत उलट्या होडीला धरून होते, मग देवगडच्या एका ट्रॉलरने उचललं. दोघेही धड आले. दाजी आठ दिवसांनी परत दर्यात गेला. हे घरी आले, आंघोळ केली, जेवले, आणि खुर्ची उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवली, तोंड माडांकडे, पाठ दर्याकडे. दोन वर्षं ती खुर्ची फिरली नाही. तिथेच बसून लोकांची जाळी विणायचे. दर्याचं नाव नाही. कोणी विचारलं तर मीच सांगायची, गुडघो दुखता.

तर ते कार्टून. आधी म्हणाले, ‘हो खंयचो राक्षस, ह्येका पोहूक तरी येता?’ — मग आठवडाभराने मला विचारतात, आज कुठला पत्ता निघेल गो? मला काय ठाऊक. आणि गंमत बघा, सहाला पाच कमी असले की आमच्याकडे लाइट जायची. रोज. म्हणजे त्या पोराने पत्ता फेकला, धूर आला, आणि टीव्ही काळा. सलोनी रडायला लागायची. मग हे सांगायचे, रडा नको, पुढे काय झाला ता माका म्हायत आसा — आणि पुढची गोष्ट स्वतः रचायचे. जपानवाल्याला कळलं असतं तर त्याने यांना नोकरी दिली असती.

पत्ते इथे कुठे मिळणार. तिच्या बापाने गोव्याहून एक पाकीट आणलं, दहा पत्ते, ते चार दिवसांत मळले. मग आजोबा-नातीने जुन्या लग्नपत्रिका काढल्या, सारख्या कापल्या, आणि मागच्या कोऱ्या बाजूला राक्षस काढायला बसले. सलोनीला चित्र येत नाही. यांना येतं, पण यांना फक्त मासे येतात. पंखांचा राक्षस काढायला गेले, त्याची वागळी झाली. शिंगांचा काढला, त्याचा शेंगाळा झाला. सलोनी म्हणाली, असूदे, मासेच लढवूया. आणि यांनी शेंगाळ्याच्या खाली लिहिलं, दोनशे.

तेवढ्यात दाजी जाळं न्यायला आला. दोन वर्षं यायचा, जाळं घ्यायचा, मान खाली घालून जायचा, दोघांना एकमेकांशी बोलायला काही नव्हतंच. त्याने तो पत्ता बघितला. म्हणाला, ‘शेंगाळ्याक दोनशे? तुका कधी काटो लागूक नाय काय रे?’ — हे म्हणाले, लागलोहा, तीनदा. — ‘मगे?’ — झालं. दाजी खाली बसला. शेंगाळा नऊशेवर गेला तेव्हा चहा दोनदा झाला होता. दुसऱ्या दिवशी दाजी परत आला, मोरीवर वाद घालायला — मोरी म्हणजे तुमचा शार्क. मग सगळी वाडी यायला लागली. ओहोटीचा पत्ता निघाला — तो पडला की मोठे मासे रुततात. भोवऱ्याचा निघाला. विमलाने बांगड्याला आठशे करून घेतले म्हणून मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, बांगड्याची काय लायकी आहे का आठशेची? — मी? मी नाही हो खेळत. या वयात. — म्हणजे आपलं कधीतरी. तारल्यांचे, त्या बोटभर माशांचे, सतरा पत्ते होते माझ्याकडे, एका तारलीला वीसच, पण सतरा एकदम टाकल्या की थवा होतो, थव्याला वेगळा नियम. दाजीची मोरी मी दोनदा लोळवली. त्याला विचारा.

पण खरं सांगू — मी चुलीकडून ऐकत असायची. हे दर्याचं बोलत होते. कुठल्या खडकाशी काय मिळतं, मोरी जाळ्यात आली की होडी कशी वाकते, पाणी कुठे काळं दिसतं. दोन वर्षांनी. मी भाकरी थापता थापता थांबायची.

मग एकदा सलोनी शाळेतून रडत आली. वर्गातला तो विकी, त्याने पत्त्यांच्या भांडणात म्हटलं, तुझ्या आजोबांची वागळी खोटी, ते दर्याला घाबरतात, सगळ्यांना माहीत आहे. पोरीने पडवीत जाऊन सरळ विचारलं, ‘आजोबा, विकी म्हणता तुमी दर्याक भियातास.’ माझ्या हातातलं भांडं हातातच. मी म्हणणार होते, गुडघो — पण हे आधी बोलले. म्हणाले, ‘होय गो. भियातंय.’ एवढंच. सलोनीने डोळे पुसले. आणि काय केलं असेल — एक पत्ता घेतला, त्यावर होडीतला माणूस काढला, खाली लिहिलं ‘गुणाजी तांडेल’ — मी नाव घेत नाही बरं का, पत्त्यावर होतं ते वाचून सांगते — आणि विचारलं, ताकद किती लिवू? हे म्हणाले, शून्य लिव. तिने लिहिलं शून्य. मग जरा विचार करून खाली शाळेच्या अक्षरात लिहिलं, ‘दाजी सोबत असल्यास ५०००.’ असे असतात हो पत्ते त्या कार्टूनमध्ये, एकटा असला तर काही नाही, दुसऱ्याच्या बाजूला ठेवला की ताकद चढते.

तो पत्ता यांनी खिशात ठेवला. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून. चार दिवस काढून काढून बघत होते. पाचव्या दिवशी दाजीला म्हणाले, उद्या येतंय, किल्ल्यापर्यंतच. मी रात्रीच डबा काय करायचा ते विचारून ठेवलं.

आणि सकाळी पत्ता नाही. खिसे बघितले, खुंटीवरचे सदरे बघितले. ‘पत्तो खंय गेलो?’ दाजी दारात उभा. हे म्हणाले, आज नको, आज गुडघो — आणि जाऊन बसले खुर्चीत. मी सलोनीला ओरडले. म्हटलं, तूच खेळायला नेलास, तूच घालवलास. नऊ वर्षांची पोर, ती म्हणते, नाय आजी, माका आठवत नाय. मी म्हटलं, आठव.

पत्ता कुठे होता? — तुम्ही मान वर करू नका बाई, मासा बघा. — माझ्या पोलक्यात होता. मीच काढलेला. आता असं बघू नका. सात ते चार मी त्या वाळूत बसले होते ना. हे होडीला धरून होते, त्यांच्या हाताला होडी तरी होती. बायका येत होत्या, काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. त्या दिवसानंतरची दोन वर्षं मी पोटभर झोपले. लोक म्हणायचे, बिचारी किस्नाबाय, घोव घरात बसलो, एकटी पाटी उचलता. मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, बसूदे. मी मरेपर्यंत उचलीन पाटी. तो गुडघा मला हवा होता हो, त्यांच्यापेक्षा मला जास्त.

आठ दिवस ठेवला. पण सलोनीने कार्टून सोडलं. साडेपाच वाजले तरी उठेना, टीव्ही बंद, दप्तरात, गादीखाली, पुस्तकांच्या पानापानात तो पत्ता शोधत बसायची. एकदा मला म्हणाली, आजी, मी चोर आहे की विसराळू? ते नाही बघवलं. नवव्या दिवशी मी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि म्हटलं, अगो बाय, हो बग हयसर पडलोहा. सलोनी नाचली. यांनी पत्ता हातात घेतला, नाकाशी नेला. मी मशेरी लावते, माझ्या सगळ्या कपड्यांना तिचा वास. माझ्याकडे बघितलं. मी डब्याचं झाकण लावत होते, ते लागेना. सलोनीची पेन्सिल मागितली आणि पाच हजाराच्या खाली आपल्या वाकड्या अक्षरात एक ओळ लिहिली. मला वाचायला दिली. ‘कृष्णाबाई किनाऱ्यार आसली तर पत्तो परत हातात येता.’ — खेळातलंच आहे ते. काही पत्ते असे असतात, मारले तरी संपत नाहीत, हातात परत येतात.

दुसऱ्या दिवशी गेले. आता वर्ष होईल, रोज जातात. अकराला येतात. मी पावणेअकराला उठते, गिऱ्हाईक असो नसो, तिकडे जाऊन उभी राहते. काय करणार, लिहून ठेवलंय ना माणसाने. — सलोनीला? नाही सांगितलं. तिला अजून वाटतं पत्ता तिनेच डब्यात टाकलेला. सांगीन. मोठी झाली की. — आधी सांगायला हवं म्हणता? — बघू.

हे घ्या, डोकं वेगळं बांधलंय, त्याची कढी करा. अगो विमला, माझ्या पाटयेर लक्ष ठेव गो, मी जावन येतंय. तुम्ही कशाला थांबल्यात बाई? जावा आता. ऊन चढतंय, सुरमई खराब व्हायची.