हात खिशात!

नाही नाही, माझ्यासमोर थंड हवेचं नाव काढू नका, हात जोडतो... म्हणजे जोडले असते, पण हातात इस्त्री आहे! तुम्हाला सांगतो, उन्हाळ्यात आपल्या या शहरात माणूस जिवंत शिजतो, त्यात माझं लाँड्रीचं दुकान, बाहेर ऊन, आत वाफ, मग डोकं तापणार नाही तर काय होणार? आणि माझं डोकं तापलं की हात सुटतो. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, "घडी नीट नाही घातली," तर जवळचा हँगर उचलून मी त्याच्या... जाऊ द्या. हँगर वाकला, एवढंच सांगतो.

त्या दिवशी बायकोनं शांतपणे बॅग भरली. ती ओरडली तर मी भीत नाही हो, पण बॅग काढली की मी आधी इस्त्री बंद करतो! म्हणाली, "शनिवार-रविवार डोंगरावर जाऊ, जरा डोकं थंड होईल तुमचं. पण तिथे कुणावर नुसता हात उगारलात, तरी मी तिथूनच भावाकडे. कायमची!" मी म्हटलं, "अगं, पण हात आपोआप उठतो..." तर म्हणाली, "मग हात खिशात!" दिला शब्द!

आता मी पडलो लाँड्रीवाला. हात जर दोन दिवस खिशात राहायचे, तर खिसे कसे, कडक नकोत? पँटला खळ घातली, आतून खिशांना घातली, अशी दणदणीत घातली की पँट टांगावी लागेना, आपली आपण कोपऱ्यात उभी राहिली!

गाडी बायको चालवत होती. घाटात बघतो तर काय, अख्खं शहर शांतता शोधायला निघालेलं आणि रस्ता एकच! पुढे दोघं जण लोखंडी पान्यांनी एकमेकांच्या काचा फोडतायत, आधी याने त्याची, मग त्याने याची, अगदी पाळीपाळीने. मागे एका बाईने कुणाच्या तरी डोक्यात चहाचा थर्मास घातलाय... आणि तेवढ्यात एक टोपीवाला पांढरी गाडी घेऊन उलट्या बाजूने घुसला, आमचा आरसा तोडला, आणि वर माझ्याच खिडकीत तोंड घालून, "आरसा आत घेता येत नाही का रे, ढेरपोट्या?" मला! माझाच आरसा तोडून! मूठ वळली, दात आवळले... बायको समोर बघत एवढंच म्हणाली, "हात खिशात!"

हॉटेलात खोली एक आणि ती दिलेली दोन कुटुंबांना. एकीकडून एक सासूबाई किल्ली ओढतायत, दुसरीकडून कुणाचा तरी जावई, मधे मॅनेजर, "शांत व्हा हो, इथे लोक शांत व्हायला येतात!" झालं, पाण्याचा जग थेट त्याच्या तोंडावर! त्याचे दात माझ्या बुटापाशी येऊन पडले. एरवी मी उचलून दिले असते, तेवढी माणुसकी आहे माझ्यात. पण हात खिशात!

संध्याकाळी गेलो सूर्यास्त बघायला. एक कठडा आणि हजार कोपरं! त्यात धुकं असं की कपडे पिळून घ्यावेत. आणि खळ ओली झाली की काय होतं, हे मला कुणी शिकवावं? वीस वर्षं हाच धंदा करतोय! पण लक्षात आलं नाही.

इतक्यात तोच टोपीवाला! "ए ढेरपोट्या, फोटोत येतोयस, हो बाजूला," म्हणाला आणि खाडकन थोबाडीत! तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी शब्दबिब्द सगळा विसरलो, जाऊ दे हिला भावाकडे, म्हटलं, आणि हात उपसला... हात येईना! ओढतोय, येईना! दोन्ही खळीत चिकटलेले! त्याने दुसऱ्या गालात ठेवून दिली, मग पोटात गुद्दा, मी खिशांसकट भोवऱ्यासारखा फिरतोय आणि लोक म्हणतायत, "काय संयम आहे हो माणसाचा!"

बायकोनं ते पाहिलं. डोळे भरून आले हो तिचे! "माझा माणूस शब्दासाठी मार खातोय!" म्हणाली, पर्स माझ्या गळ्यात अडकवली, बाह्या सारल्या, आणि टोपीवाल्याच्या नाकावर असा ठोसा... टोपी दरीत, टोपीवाला कठड्यावर! त्याच्या मेहुण्याने हिचे केस धरले, ही त्याला कडकडून चावली, आणि मग छत्र्या काय, चपला काय, सगळा डोंगरच सुटला! सूर्य कधी मावळला कुणाला पत्ता नाही. आणि त्या रणधुमाळीत मधोमध मी... हात खिशात!

दवाखान्यात कात्रीने खिसे कापून हात सोडवले. थंडीनं आखडले, असं मी हिला सांगितलंय, तेव्हा खळीचं तुम्हीही बोलू नका. भावाकडे जायचं नाव नाही आता, उलट शेजारणींना सांगत असते, "मार खाल्ला, पण हात काढला नाही ह्यांनी!" ऐकून बरं वाटतं आणि लाजही वाटते. फक्त त्या ठोशानं तिचं मनगट मोडलंय. उजवं. प्लास्टर! म्हणजे केर मी, भांडी मी, स्वयंपाक मी, तिची वेणीसुद्धा मी, आणि वर हे दुकान. काल एक गिऱ्हाईक घडीवरून पुन्हा भांडायला आलं, तर आतून हिची हाक, "अहो, हात खिशात!"

अगं, घातले असते... पण रिकामे कुठायत?